मूळ कोणतं? एका जावाच्या दुरुस्तीचा इतिहास

वडिलांच्या खर्चाच्या वहीत नोव्हेंबर १९७८ मधली एक नोंद आहे : ‘गाडी. चेंबर उघडला. सील मिळत नाही. मेस्त्रींनी कडं करून बसवलं. रु. ३५.’ ही वही घरात नेहमी समोरच असायची, त्यामुळे ही ओळ मी लहानपणापासून कितीदा तरी पाहिली असेन. तिचा अर्थ मात्र मला चाळिशीत कळला. कळला तेव्हा मी म्हैसूरमधल्या भाड्याच्या घराच्या मागच्या पडवीत वर्तमानपत्रं पसरून बसले होते, हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि त्याच गाडीचं इंजिन दोन भागांत माझ्यासमोर उघडं पडलं होतं.

गाडी म्हणजे १९६८ ची जावा २५०. वडील औषध कंपनीचे प्रतिनिधी. घर मिरजेत आणि फिरती जत, कवठे महांकाळ, आटपाडी, विटा अशी सगळी दुष्काळी पट्ट्यातली. १९७२ मध्ये त्यांनी ही गाडी दुसऱ्याकडून घेतली आणि १९८९ पर्यंत चालवली. मग शंभर सीसीची नवी गाडी आली आणि जावा शेडमध्ये गेली. वडील गेल्यावर मिरजेचं घर आवरताना भंगारवाल्यानं तिचा भाव किलोवर सांगितला. तो ऐकून मी टाकी रिकामी केली, गाडी पोत्यांत गुंडाळली आणि रेल्वे पार्सलनं म्हैसूरला आणली. भाषांतराच्या कामामुळे मी इथे काही वर्षं राहते आहे. गाडीचा जन्म याच गावातला, हे मला अर्थातच माहीत होतं. पण तिला माहेरी आणायचं वगैरे काही मनात नव्हतं. भंगारात जाऊ द्यायची नव्हती, एवढंच.

ती स्वतःच दुरुस्त करायची, हेही मी नंतर ठरवलं. एका दुकानात सगळं काम करून देण्याचा आकडा विचारला, तो माझ्या एका पुस्तकाच्या मानधनापेक्षा मोठा निघाला. मग मी पाने विकत घेतले. ‘गाडी मूळ स्थितीत आणायची’ असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. ‘मूळ’ हा शब्द मी रोज वापरते; भाषांतरकाराला तो चुकत नाही. त्यामुळेच तो मी न तपासता वापरला. या लेखाचा विषय तोच आहे.

*

मूळ शोधायला निघालं, की जावा आपल्याला बरंच लांब नेते. नावच जोड देऊन केलेलं आहे. प्रागमधला शस्त्रनिर्माता फ्रांतिशेक यानेचेक यानं १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचा परवाना घेतला. यानेचेकचा ‘जा’ आणि वाँडररचा ‘वा’ मिळून जावा झालं. म्हणजे पहिली जावा हीच मुळात दुसऱ्याच्या गाडीची चेक आवृत्ती होती. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी एका नव्या २५० सीसी गाडीचं काम लपूनछपून चालू ठेवलं. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ती पॅरिसच्या प्रदर्शनात आली. मागच्या चाकाला स्प्रिंगा होत्या म्हणून लोकांनी तिचं नाव ‘पेराक’ ठेवलं; चेकमध्ये ‘पेरो’ म्हणजे स्प्रिंग. १९५४ पासून जी पुढची गाडी आली तिचं मागचं चाक एका झुलणाऱ्या चिमट्यात होतं, म्हणून ती ‘किवाच्का’, म्हणजे डुलणारी. कारखान्याच्या कागदावर तिचा क्रमांक ३५३. वडिलांची गाडी तिच्याच घराण्यातली.

मुंबईचे रुस्तम इराणी पन्नाशीच्या दशकात या गाड्या आयात करत. तयार गाड्यांच्या आयातीवर निर्बंध येत गेले, तशी गाडी इथेच बनवण्याची गरज निर्माण झाली. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’चा कारखाना काढला आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी चेक सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू एकेक भाग इथला, असा क्रम होता. त्या काळातल्या बहुतेक परदेशी गाड्या भारतात याच वाटेनं आल्या. एन्फिल्डची बुलेट १९५५ पासून मद्रासला अशीच आधी जोडली जाऊ लागली आणि मग पूर्ण बनू लागली. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली आणि मद्रासची चालू राहिली. राजदूत ही एका पोलिश गाडीच्या परवान्यावर बनली.

सत्तरच्या दशकात म्हैसूरच्या गाडीचं नाव बदलून ‘येझदी’ झालं. इराणी कुटुंबांच्या आठवणीतल्या यझ्द या शहराशी हे नाव जोडलं जातं. गंमत म्हणजे चेक भाषेत ‘येझ्दी’ हे ‘चालव’ या अर्थाचं आज्ञार्थी रूप आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात नेमकं काय होतं यावर जावाप्रेमी अजून वाद घालतात. मला तो वाद सोडवायचा नाही. एकाच शब्दाला इराणमध्ये गाव मिळावं आणि प्रागमध्ये क्रियापद मिळावं, हे मला पुरेसं आहे. कारखाना १९९६ मध्ये बंद झाला.

आता यात मूळ कोणतं? वाँडररचं, यानेचेकचं, पेराकचं, की यादवगिरीचं? मी ज्या ‘मूळ स्थिती’च्या गोष्टी करत होते ती १९६८ मधल्या एका दिवसाची स्थिती होती. त्या दिवसानंतर गाडी एकवीस वर्षं चालली, तीस वर्षं उभी राहिली. ती सगळी वर्षं मी पुसायच्या गोष्टींच्या यादीत टाकली होती.

*

वडिलांची वही त्या वर्षांबद्दल बोलते. १९७२ ते १९८९ अशा सतरा वर्षांच्या तीन वह्या आहेत. पेट्रोल, ऑइल, प्लग, ट्यूब, क्लच वायर असे बारीक खर्च. ‘पॉइंट घासले’, ‘प्लगमध्ये कचरा’, ‘कार्बन काढला’ ही वाक्यं दर महिन्या-दोन महिन्याला येतात आणि त्यांच्यापुढे रक्कम नसते. म्हणजे ही कामं त्यांनी स्वतः केली. ज्या कामापुढे रक्कम आहे ते मेस्त्रींकडे झालेलं. अशी ही सरळ वाटणी आहे. ‘सेल्फ रिपेअर’ या शब्दाचा वाराही न लागलेला माणूस निम्मी दुरुस्ती रस्त्याच्या कडेला, पानाचा डबा उघडून, स्वतः करत होता. जतच्या रस्त्यावर दुसरं कोण करणार?

रॉबर्ट पिरसिग यांचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक १९७४ मध्ये आलं, म्हणजे वडिलांच्या दुसऱ्या वर्षाच्या वहीच्या सुमाराचं. पिरसिग तांत्रिक पुस्तिका लिहिण्याचं काम करत. त्यांच्या पुस्तकात गाडी स्वतः दुरुस्त करायची की मेकॅनिकवर सोडायची, हा प्रवृत्तीचा प्रश्न आहे. यंत्राशी तुमचं नातं काय, असा. वडिलांच्या वहीत तो प्रश्नच नाही, कारण निवड नव्हती. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे परवान्यानं ठरत होतं. नवी स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. जी गाडी हातात आहे ती टिकवणं हाच शहाणपणा होता. सुटे भागही सहज मिळत नसत. ‘सील मिळत नाही’, ‘कंडेन्सर कोल्हापुरात बघितला, नाही’, ‘मुंबईला सांगितलंय’ अशा नोंदी वहीभर आहेत.

भाग मिळत नाही तेव्हा तो करावा लागतो. करणारे होते, कारण या भागात लेथ होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. आमच्या मिरजेपासून ती रेल्वेनं जवळ. शेतीची अवजारं, पाण्याची इंजिनं, साखर कारखाने आणि कोल्हापूरचं उद्यमनगर यांच्या आसऱ्यानं गावोगाव खराद आणि वेल्डिंगची दुकानं आली. मराठी वाचकांना किर्लोस्कर हे नाव मासिकामुळेही ठाऊक असतं. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये सुरू केलेलं ते मासिक आधी कारखान्याचं बातमीपत्र होतं आणि पुढे मराठीतलं एक महत्त्वाचं साहित्यिक मासिक झालं. नांगराच्या कारखान्यातून मासिक निघू शकतं, हे आपण कौतुकानं सांगतो. त्याच परिसरातल्या लेथवर एका चेक गाडीसाठी कडं कातलं गेलं, हे कुठे नोंदलेलं नाही. ते फक्त वडिलांच्या वहीत आहे.

मेस्त्री हा शब्दसुद्धा प्रवास करून आलेला. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, म्हणजे गुरू, उस्ताद. मराठीत मेस्त्री आणि मिस्त्री, कन्नडमध्ये मेस्त्री, पारशांत आडनाव. आमच्या मेस्त्रींना वडील ‘मेस्त्री’ म्हणत आणि ते वडिलांना ‘साहेब’. दोघं जवळपास एका वयाचे. दोघांनी मिळून ती गाडी सतरा वर्षं चालू ठेवली, पण हाकेतलं अंतर तसंच राहिलं. मी आणि भाऊ वडिलांबरोबर गॅरेजात जायचो. भावाच्या हातात पाना दिला जायचा, मला पायरीवर बसवून चहातली बिस्किटं. ‘ताई, कपडे खराब होतील,’ असं मेस्त्री म्हणायचे. मायेनंच म्हणायचे. तरीही चाळिशीत पहिला रिंग पाना हातात घेतला तेव्हा तो कोणत्या बाजूनं फिरवायचा हे मला माहीत नव्हतं, आणि भाऊ आता गाडीकडे बघतही नाही.

*

म्हैसूरच्या पडवीतलं काम असं चाललं. पिस्टन सिलेंडरमध्ये चिकटलेला होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आठवडाभर ठेवलं, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवत राहिले. नवव्या दिवशी तो सुटला. सिलेंडर काढल्यावर पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा वाचला : ६६.००. कारखान्यातून ही गाडी ६५ मिलिमीटरच्या बोअरची निघते. सिलेंडर झिजला की तो थोडा मोठा कातून मोठा पिस्टन घालतात, प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर. म्हणजे चार वेळा. वहीत मात्र रिबोअरच्या तीनच नोंदी सापडतात : १९७४, १९७८, १९८६. चौथा, म्हणजे खरं तर पहिला, वडिलांच्या आधीच्या मालकाचा. त्या माणसाबद्दल मला एवढंच माहीत आहे, की त्यानं चार वर्षांत सिलेंडर झिजवला.

चेंबरचे स्क्रू काढताना प्रत्येकाच्या डोक्यावर छिन्नीची खूण दिसली. स्क्रू ड्रायव्हरनं न सुटणारा स्क्रू छिन्नी तिरकी लावून ठोकून सोडवायची ही मेस्त्रींची पद्धत. पुस्तिकेत ती नाही. माझ्याकडची पुस्तिका इंग्रजीत आहे आणि तिच्या वाक्यांखाली दुसऱ्या भाषेची वाक्यरचना जाणवते. ती खास अवजारं गृहीत धरते : हा पुलर लावा, तो गेज लावा. मेस्त्रींकडे यांतलं काही असल्याचं मला आठवत नाही.

इथे माझी चूक झाली, आणि ती सांगितली पाहिजे. चेंबरचे दोन भाग सुटेनात. ते गरम करून, सगळीकडून सारखा जोर देत वेगळे करायचे असतात. मी घाईत दोन्हींच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि उचकटलं. ते सुटले, पण ज्या कडेवर दोन भाग एकमेकांना चिकटतात तिथे खोल ओरखडा पडला. ॲल्युमिनियम मऊ असतं. मेस्त्रींनी ते इंजिन निदान दोनदा उघडलं होतं, छिन्नीनं उघडलं होतं, पण त्या कडेवर त्यांच्या हाताचा एकही ओरखडा नव्हता. ठोकाठोकी कुठे करायची आणि कुठे नाही, हे त्यांना नेमकं कळत होतं. पुस्तिका वाचलेल्या मला कळलं नाही.

उघडलेल्या चेंबरच्या उजव्या बाजूला, डायनामोकडे, मला ते दिसलं : पितळेचं एक पातळ कडं आणि त्यात बसवलेलं ऑइल सील.

या कड्याचं महत्त्व कळायला इंजिनाबद्दल थोडं सांगावं लागेल. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, चेंबरमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. त्यामुळे चेंबर हवाबंद हवा. पण क्रँकचा दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर निघतो. तिथे रबरी सील असतात. क्लचकडचं सील गेलं, तर इंजिन तिकडचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर सोडतं. डायनामोकडचं गेलं, तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण हलकं होतं, इंजिन तापतं आणि शेवटी पिस्टन पकडतो. हा आजार कपटी, कारण धूर दिसत नाही. माणूस कार्ब्युरेटर साफ करत बसतो.

वही पुन्हा उघडली. १९७७ पासून ‘गाडी गरम’, ‘चढाला पकडली’, ‘कार्ब्युरेटर साफ’ अशा नोंदी दाटीनं येतात. ऑक्टोबर १९७८ मध्ये रिबोअर झालं, तरी नोंदी थांबत नाहीत. मग नोव्हेंबरातलं ते कडं. त्यानंतर ‘गरम’ हा शब्द वहीत आठ वर्षं येत नाही. मेस्त्रींनी आजार ओळखला होता. जावाचं सील मिळत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचं, आतून त्याच मापाचं पण बाहेरून लहान सील घेतलं आणि उरलेली जागा भरायला पितळेचं कडं कातून घेतलं. चेंबर कुठेही कोरला नाही. पस्तीस रुपये.

*

ओरखड्याचं काय करायचं हे विचारायला मी एका वृद्ध गृहस्थांकडे गेले. ते यादवगिरीच्या कारखान्यात इंजिन जोडणीवर होते, तो बंद होईपर्यंत. आता घराच्या पुढच्या खोलीत ओळखीच्यांची कामं करतात. त्यांनी जाड काचेवर तेल आणि बारीक पॉलिश पेपर ठेवून चेंबरची कड त्यावर गोल गोल घासायला मला बसवलं. दोन संध्याकाळी गेल्या. स्वतः हात लावला नाही. ‘तुम्ही केलंय, तुम्हीच काढा अम्मा,’ असं कन्नडमध्ये म्हणाले. शेवटी बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली.

कडं मात्र त्यांना पसंत पडलं नाही. डायल गेज लावून त्यांनी ते मापलं. सरळ आहे, हे कबूल केलं. मग दखनीत म्हणाले, ‘ये हमारा नै. निकाल डालो.’ त्यांचं म्हणणं साधं होतं. कारखान्यातून असं इंजिन कधी बाहेर पडलं नाही. आता बरोबर मापाची सीलं पुन्हा बनू लागली आहेत, सहज मिळतात. पुढे कोणी इंजिन उघडेल आणि पुस्तिकेतल्या मापाचं सील आणेल, तेव्हा ते बसणार नाही. तो माणूस चुकेल. आणि चूक आमच्या कारखान्याची म्हणेल.

या माणसानं आयुष्याची उमेदीची वर्षं ‘हमारा’ या शब्दात घातली होती. कारखाना गेला, गाड्या राहिल्या. त्या गाड्या आम्ही जशा केल्या तशा राहाव्यात, असं त्यांना वाटत असेल तर त्यात चूक काय? माझ्या ‘मूळ स्थिती’त आणि त्यांच्यात हा फरक होता : मी तो शब्द मासिकातल्या चकचकीत फोटोंवरून उचलला होता, त्यांनी तो हातांनी घडवला होता.

कायदाही त्यांच्या बाजूचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला मात्र परवानगी नाही. आणि अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात राखलेलं असावं, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. माझी गाडी वयानं बसते. चेंबरच्या आतलं पितळेचं कडं कोणताही निरीक्षक पाहणार नाही, आणि ते मोठा फेरफार ठरेल असंही मला वाटत नाही. पण म्हणूनच निर्णय माझ्यावर येऊन पडला. ज्याचं इंजिन त्यानंच उघडलं, त्याला हे दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

*

मराठीत या प्रश्नाची जुनी उदाहरणं आहेत, आणि ती मला गॅरेजपेक्षा जास्त ओळखीची होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमाराला, पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले होते, ओव्या शिरल्या होत्या. ते सगळं पाहून त्यांनी एक पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असा इशारा दिला. कारखान्यातल्या त्या गृहस्थांचं म्हणणं याहून वेगळं नव्हतं. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एक पोथी छापली आणि ती एकनाथांच्याही आधीची असल्याचा दावा केला. म्हणजे शुद्ध केलेल्या प्रतीच्या मागे आणखी एक मूळ उभं राहिलं. वाद संपला नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली. ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरातल्या, वेगवेगळ्या लिप्यांमधल्या पोथ्या ताडून एक संहिता वर छापली. पण जे पाठ त्यांनी नाकारले तेही फेकले नाहीत. ते पानाच्या खाली, परिशिष्टांत, कोणत्या पोथीत काय आहे याच्या खुणांसह दिले. वाचणाऱ्याला हवं तर तो संपादकाचा निर्णय उलटवून पाहू शकतो. माझ्या मते त्या आवृत्तीचं मोठेपण वरच्या संहितेत जितकं आहे, तितकंच या खालच्या ओळींत आहे. नाकारलेला पाठही कोणीतरी, कुठेतरी, काही कारणानं लिहिलेला असतो.

जुनी गाडी स्वतः दुरुस्त करणं म्हणजे तिची एक नवी प्रत करणं. आधीच्या हातांचे पाठ आपल्याला सापडतात : कोणी सिलेंडर झिजवला, कोणी छिन्नी लावली, कोणी कडं बसवलं. त्यांतलं काय ठेवायचं हे ठरवायला काही ज्ञान लागतं, आणि ते बहुतेक दुसऱ्यांकडूनच येतं. ‘स्वतः’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की कुठला पाठ राखला आणि कुठला काढला याचा जाब द्यायला आपण असतो. आणि आपण स्वतःही एक ओरखडा मागे ठेवतो.

ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्यानं शंभर सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ च्या हिरो होंडापासून मध्यमवर्गाची गाडीशी असलेली झटापट संपत गेली. धुराचे नियम कडक होत गेले तसे टू-स्ट्रोक रस्त्यावरून उतरले आणि त्यांच्याबरोबर ते ओळखणारे कानही. पुण्याच्या जुन्या बाजारात, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये, कोलकात्याच्या मल्लिक बाजारात अजून जुने भाग मिळतात. आजार ओळखणारा माणूस भागांबरोबर मिळत नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही काढलं. चांगली गोष्ट आहे. आमच्या मेस्त्रींच्या काळी दुरुस्ती ही गरज होती, म्हणून तिला हक्काचं नाव नव्हतं. आता नाव आहे, आणि मिरजेत त्यांचं गॅरेज होतं तिथे मोबाइलचं दुकान आहे. ते गेल्याचं मला वर्षभरानं कळलं. त्यांचं पूर्ण नाव वडिलांच्या तिन्ही वह्यांत एकदाही आलेलं नाही. सगळीकडे ‘मेस्त्री’.

मी कडं ठेवलं. त्या मापाचं सील आजही पंप आणि मोटारींच्या दुकानात मिळतं, नवं घातलं. क्लचकडचं सील कारखान्याच्या मापाचं, नवं. पिस्टन त्याहून मोठा आता मिळत नाही, म्हणून सिलेंडरला नवी स्लीव्ह घालून ६५ वर आणला. जुना पिस्टन पुसून डब्यात ठेवला. म्हणजे मीही काही ठिकाणी मूळ निवडलं, काही ठिकाणी मेस्त्रींना. कारखान्यातले गृहस्थ पहिल्या किकला आले होते. जावाला किक आणि गिअर एकाच दांड्याला असतात. तो आत दाबून वर फिरवायचा आणि मग मारायचा. मला जमेना, तेव्हा त्यांनीच मारली. गाडी चालू झाली. पाचेक मिनिटं त्यांनी उजव्या बाजूला कान लावून ऐकलं. ‘ठीक है,’ म्हणाले. कड्याबद्दल त्यांचं मत बदललं नाही, आणि मी ते बदलायचा प्रयत्न केला नाही.

मात्र त्यांच्या आक्षेपातली एक गोष्ट मला नाकारता येत नव्हती : पुढचा माणूस चुकेल. म्हणून अवजारांच्या खणात, जुन्या पिस्टनशेजारी, मी एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवला आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. कन्नड मजकूर त्यांनी तपासून दिला. त्यावर लिहिलंय : उजव्या बाजूचं सील कारखान्याच्या मापाचं नाही. पितळेचं कडं मिरजेच्या मेस्त्रींनी नोव्हेंबर १९७८ मध्ये बसवलं. सीलची आतली, बाहेरची आणि रुंदीची मापं खाली दिली आहेत. चेंबरच्या जोडावरचा ओरखडा माझा.